गळालेला शब्द आणि मंगळावरचं ‘ते’

‘माझी बॅटरी संपत आलीये आणि अंधार पडतोय.’

हे वाक्य तुमच्या फोनवर कधी ना कधी येऊन गेलेलं असणार. मीम म्हणून, टी-शर्टच्या जाहिरातीत, कुणाच्या तरी दंडावरच्या टॅटूच्या फोटोत, नाहीतर मागे संथ पियानो वाजणाऱ्या एखाद्या रीलमध्ये. मंगळावर वर्षानुवर्षं एकटं फिरलेल्या ऑपॉर्च्युनिटी रोव्हरचे हे शेवटचे शब्द, असं खाली लिहिलेलं असतं. कमेंट्समध्ये रडक्या इमोजींची रांग.

मूळ वाक्य इंग्रजी आहे, आणि ते रोव्हरचं नाही. नासाचंही नाही. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी नासाने मोहीम संपल्याचं जाहीर केलं. त्याच सुमारास जेकब मार्गोलिस या लॉस एंजेलिसमधल्या विज्ञान-पत्रकाराने मोहिमेतल्या लोकांकडून जे कळलं ते ट्विटरवर आपल्या शब्दांत सांगितलं. शेवटचा संदेश ‘बेसिकली’ असा होता, असं त्याने लिहिलं. बेसिकली म्हणजे आपण बोलताना ‘थोडक्यात काय, तर’ म्हणतो तसं. ट्वीट पसरलं आणि पसरता पसरता तो एक शब्द गळून पडला. पत्रकाराचा सारांश रोव्हरचं अवतरण झाला.

मला त्या पत्रकाराशी भांडायचं नाही. वाक्य सुंदर आहे, आणि त्याने प्रामाणिकपणे त्याच्यापुढे तो शब्द ठेवला होता. मला बोलायचंय ते शब्द गळून पडण्याबद्दल, आणि त्या गळालेल्या जागेवर पुढे जे उभं राहिलं त्याबद्दल. त्यातली सगळ्यात मोठी आणि देखणी इमारत म्हणजे रायन व्हाइट दिग्दर्शित ‘गुड नाइट ऑपी’ हा २०२२चा माहितीपट. प्राइम व्हिडिओवर आला, तेव्हापासून माझ्या ओळखीतल्या निदान दहा जणांनी तो ‘रडायचं असेल तर बघ’ म्हणून सुचवला. मी तो दोनदा पाहिला. पहिल्यांदा रडले. दुसऱ्यांदा वही घेऊन बसले.

आधी खरं काय आलं होतं ते सांगते.

१० जून २०१८ला ऑपॉर्च्युनिटीने शेवटचा डेटा पाठवला. मंगळावर धुळीचं प्रचंड वादळ उठलं होतं. काही दिवसांपूर्वी सौर पॅनेलमधून दिवसाला ६४५ वॉट-तास वीज मिळत होती, ती २२ वॉट-तासांवर आली. म्हणजे घरातला दहा वॉटचा एलईडी बल्ब दोन तास चालेल इतकी. दुसरा आकडा होता ‘टाऊ’चा, म्हणजे हवेतल्या धुळीने ऊन किती अडवलं त्याचं माप. तो १०.८ होता. हे माप साध्या बेरजेने वाढत नाही. १०.८ टाऊ म्हणजे डोक्यावरून सरळ येणाऱ्या उन्हाच्या पन्नास हजार भागांतला जेमतेम एक भाग धूळ चुकवून थेट खाली पोचतो. २००७च्या वादळातही ऑपॉर्च्युनिटी तगलं होतं, पण तेव्हा टाऊ साडेपाचच्या आसपास थांबला होता.

बॅटरी कमी, अंधार दाट. म्हणजे मार्गोलिसचा सारांश चुकीचा म्हणता येत नाही. फक्त त्यात एक ‘माझी’ आहे.

०००

‘गुड नाइट ऑपी’ त्या ‘माझी’वर उभा आहे.

चित्रपटाची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी ही जुळी यानं २००३च्या उन्हाळ्यात निघाली आणि जानेवारी २००४मध्ये मंगळाच्या दोन विरुद्ध बाजूंना उतरली. नव्वद मंगळ-दिवस चालतील अशी अपेक्षा होती. स्पिरिट सहा वर्षं चाललं, ऑपॉर्च्युनिटी चौदाहून जास्त. दुसरं ४५ किलोमीटर फिरलं, म्हणजे मॅरेथॉनपेक्षाही जास्त. अँजेला बॅसेटचा खोल आवाज, ‘स्टार वॉर्स’वाल्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने संगणकावर उभा केलेला मंगळ, नियंत्रण कक्षातलं जुनं चित्रीकरण आणि रोज सकाळी यानाला ‘उठवायला’ वाजवलेली गाणी. मधे मधे वैज्ञानिक आणि इंजिनियर कॅमेऱ्यासमोर बसून आठवणी सांगतात.

माझ्या मते चित्रपटाचा सगळ्यात चांगला भाग हाच, माणसांचा. घानाहून आलेले आशिते ट्रेबी-ओलेनू, भारतात वाढलेल्या आणि पुढे ही यानं चालवणाऱ्या वंदी वर्मा, आणि अ‍ॅबिगेल फ्रेमन. ऑपॉर्च्युनिटी उतरलं त्या रात्री फ्रेमन शाळकरी विद्यार्थिनी म्हणून तिथे हजर होती. पुढे ती त्याच मोहिमेची उपप्रमुख वैज्ञानिक झाली. एका यंत्राच्या आयुष्यात एक मुलगी मोठी होऊन त्या यंत्राची शास्त्रज्ञ होते. ही गोष्ट कुणी रचायला गेलं असतं तर संपादकाने ‘फार जुळवून आणलंय’ म्हणून परत पाठवली असती.

पण दिग्दर्शकाला माणसांवर पूर्ण भरवसा वाटत नाही. दर थोड्या वेळाने तो आपल्याला मंगळावर नेतो आणि तिथे आपल्याला एक पात्र दिसतं. मान वळवणारं, डोळे किलकिले केल्यासारखं बघणारं, वादळाकडे पाठ करून उभं राहिल्यासारखं. ‘वॉल-ई’ पाहिलेल्या पिढीला हे लगेच कळतं. अडचण अशी की त्या सगळ्या दृश्यांत कॅमेरा बाहेर आहे. आणि मंगळावर ऑपॉर्च्युनिटीकडे बाहेरून बघणारं जवळपास कुणीच नव्हतं. वरून फिरणाऱ्या उपग्रहाने काढलेल्या फोटोत ते एक ठिपका म्हणून दिसतं. त्याने स्वतः काढलेल्या फोटोंत त्याची चाकांची खूण दिसते, धूळ बसलेली पॅनेलं दिसतात, आणि २००४मध्ये एन्ड्युरन्स विवरात काढलेल्या एका फोटोत लांब पडलेली सावली.

चेहऱ्यासकट अख्खा सेल्फी त्याने काढला तो पार फेब्रुवारी २०१८मध्ये, पाचहजाराव्या मंगळ-दिवशी. तो फोटो शोधून बघा. धूसर आहे. कारण तो हातावरच्या सूक्ष्मदर्शी कॅमेऱ्याने काढलाय, आणि तो कॅमेरा काही सेंटिमीटरवरचा दगडाचा कण बघण्यासाठी बनवलेला होता. त्याचा फोकस बदलत नाही. चौदा वर्षं दगडाच्या नाकाशी नाक लावून बघणाऱ्या कॅमेऱ्याला मान वर करून स्वतःकडे बघायला सांगितलं, तर जे दिसेल ते दिसलं. संगणकावरच्या त्या चकचकीत रोव्हरपेक्षा हा एक धूसर फोटो मला कितीतरी जास्त हलवून गेला.

‘डोळ्यां’चंही तसंच. ज्या दोन कॅमेऱ्यांमुळे त्याला चेहरा आहे असं वाटतं, ते एकमेकांपासून ३० सेंटिमीटरवर आहेत. आपले डोळे सहा-साडेसहा सेंटिमीटरवर असतात. तो ‘चेहरा’ गोड दिसावा म्हणून इतका रुंद केलेला नाही. डोळ्यांमधलं अंतर जास्त असेल तर लांबच्या दगडाचं अंतर जास्त नेमकं मोजता येतं, म्हणून. हे चित्रपटात सांगितलं असतं तर तो चेहरा कमी प्रिय झाला असता का? मला नाही वाटत.

०००

इथे एक भाषेची गोष्ट. इंग्रजीत यंत्राला ‘इट’ म्हणतात. चित्रपटातली माणसं ऑपॉर्च्युनिटीला ‘शी’ म्हणतात. इंग्रजीत या दोन शब्दांमध्ये मोठी दरी आहे. एका उडीत तुम्ही वस्तूवरून व्यक्तीवर जाता, आणि एकदा ‘ती’ म्हटलं की ‘ती’ला साजेशा भूमिका आपोआप चिकटतात. चित्रपटात स्पिरिट ही सतत काहीतरी लचांड करून ठेवणारी आणि ऑपी ही शहाणी मुलगी. पुढे वय झाल्यावर हातात संधिवात आणि डोक्यात विसर घेऊन बसलेली आजी. संधिवात म्हणजे खांद्याच्या मोटरमधला बिघाड, विसर म्हणजे फ्लॅश मेमरी खराब होणं. चित्रपटातले लोक ही भाषा मनापासून वापरतात, त्यांची मी थट्टा करणार नाही. आपलीही म्हातारी बजाज स्कूटर कुरकुरते, फ्रिज रुसतो.

पण मराठीत आपल्याला ती उडी मारावीच लागत नाही, हे माझ्या लक्षात दुसऱ्यांदा बघताना आलं. यान ‘ते’ असतं. आणि आपल्याकडे ‘ते’ ही निर्जीव वस्तूंची राखीव जागा नाही. लेकरू ते असतं, पोर ते असतं, वासरू, कोकरू, पिल्लू, सगळी ते. एखाद्या बाईबद्दल किंवा पुरुषाबद्दल खूप आदराने बोलायचं झालं तर आपण म्हणतो, ‘फार चांगलं माणूस आहे.’ म्हणजे मराठीतल्या नपुसकलिंगात माया आधीपासून आहे, आणि ती करताना समोरच्याला बाई किंवा बुवा करावं लागत नाही. या लेखात मी ऑपॉर्च्युनिटीला सुरुवातीपासून ‘ते’ म्हणतेय ते म्हणूनच. आपल्या बातम्यांमध्ये रोव्हर बहुधा ‘तो’ असतो, तेही चालेल. पण ‘ते’त जी मोकळीक आहे ती ‘तो’त नाही.

भाषेचं सोडा, तरी चित्रपटाची मुख्य अडचण उरतेच. यंत्राला माणूस केल्यावर त्याच्या आजूबाजूच्या माणसांचं काम दिसेनासं होतं. उदाहरण देते. ऑपॉर्च्युनिटी उतरलं तेव्हाच त्याच्या हाताच्या खांद्याजवळच्या हीटरचं बटण अडकलेलं होतं. हीटर रात्रभर चालायचा आणि वीज खायचा. मग इंजिनियरांनी ठरवलं की रात्री सगळं यानच बंद करायचं, म्हणजे हीटरही बंद होईल. त्याला ‘डीप स्लीप’ म्हणायचे. पण सगळं बंद म्हणजे बाकीच्या उपकरणांना ऊब देणारे हीटरही बंद, आणि त्यातलं एक उपकरण त्या थंडीत कायमचं जाईल अशी भीती होती. म्हणजे ती ‘झोप’ हा एक जुगार होता. कुणीतरी बैठकीत बसून, कोणाच्या तरी वर्षानुवर्षांच्या मेहनतीचं उपकरण पणाला लावून तो खेळला. ‘ऑपी झोपली’ म्हटलं की ही बैठक अदृश्य होते.

०००

ती बैठक बघायची असेल तर चित्रपटाऐवजी एक पुस्तक आहे: जॅनेट व्हर्टेसी या समाजशास्त्रज्ञ बाईंचं ‘सीइंग लाइक अ रोव्हर’, २०१५ साली आलेलं. मानववंशशास्त्रज्ञ एखाद्या गावात जाऊन राहतात तशा त्या या मोहिमेच्या लोकांत जाऊन राहिल्या, त्यांच्या बैठकांत बसल्या, फोटोंवर ते कसं काम करतात ते बघत राहिल्या. पुस्तक विद्यापीठी आहे. काही प्रकरणं जड जातात, आणि एकच मुद्दा तीन-तीनदा सांगायची सवय संपादकाने मोडायला हवी होती. तरीही मी ते कुणालाही देईन.

त्यात जे दिसतं ते चित्रपटाच्या नेमकं उलट आहे. रोव्हर माणसासारखा होत नाही, माणसं रोव्हरसारखी होतात. पुढच्या दिवशी यान काय बघू शकेल हे समजावून सांगताना लोक स्वतःच्या शरीराचा उपयोग करतात. चेहऱ्याच्या बाजूला हात धरून मान वळवतात, कोपरातून हात मोडून यानाचा हात करतात, खुर्चीत बसल्या बसल्या अंग वळवून चाकं कुठे अडकतील ते दाखवतात. याला कारण आहे. मंगळावर संदेश पोचायला अंतरानुसार तीन ते बावीस मिनिटं लागतात, त्यामुळे जॉयस्टिकने गाडी हाकता येत नाही. दिवसभराच्या हालचालींची यादी एकदम पाठवायची, आणि मग दुसऱ्या दिवशी काय झालं ते बघायचं. जी गाडी दिसत नाही ती डोक्यात फिरवावी लागते, आणि डोकं पुरत नाही म्हणून अंगही.

शिवाय ते एकच अंग शेकडो लोकांनी वाटून घ्यायचं. भूगर्भवाल्याला दगड हवा, हवामानवाल्याला आकाश हवं, गाडी चालवणाऱ्याला उतार टाळायचाय. वीज सगळ्यांची मिळून तेवढीच. रोजच्या बैठकीत एकमत झाल्याशिवाय यान हलत नाही. व्हर्टेसींच्या मते यान या गटाचं ‘टोटेम’ बनतं. टोटेम हा शब्द आपल्याला परका वाटेल, पण वस्तू परकी नाही. आपल्याकडे लग्नाआधी देवक बसवतात. कुणाचं पंचपल्लव, कुणाचं कळंब, कुणाचं मोराचं पीस. त्या फांदीला कुणी माणूस समजत नाही. तरी तिच्याभोवती सगळं कूळ जमतं, आणि त्या जमण्यातून आपण एक आहोत हे कुळाला कळतं. ऑपॉर्च्युनिटी हे या लोकांचं देवक होतं असं म्हटलं, तर नियंत्रण कक्षातले ते अश्रू मला नीट कळतात. पाळलेलं कुत्रं गेल्याचे ते अश्रू नाहीत. ते यान बंद पडलं की रोज सकाळी एकत्र जमायचं कारण संपतं.

पुस्तकातलं फोटोंबद्दलचं प्रकरण तर प्रत्येक इन्स्टाग्रामवाल्याने वाचावं. एकाच फोटोचे रंग वेगवेगळ्या तऱ्हेने ताणून वेगवेगळ्या गोष्टी दिसतात, आणि कुठला रंग ‘खरा’ हा प्रश्नच तिथे वेगळा होतो. दगडांतला फरक दिसावा म्हणून भडक निळा-केशरी केलेला फोटो, आणि आपण तिथे उभे असतो तर कसं दिसलं असतं त्याचा अंदाज देणारा फोटो, दोन्ही कामाचे. चित्रपटातला मंगळ मात्र सगळीकडे एकाच सिनेमॅटिक सोनेरी उन्हात न्हालेला आहे.

स्पिरिटवर तर चित्रपट अन्यायच करतो. २००६मध्ये स्पिरिटचं पुढचं उजवं चाक बंद पडलं. मग ते उलटं चालायचं, मेलेलं चाक फरफटत. त्या फरफटीने जमिनीत चर पडायचा. २००७मध्ये अशाच एका चरात खालून पांढरी माती वर आली. तपासल्यावर ती नव्वद टक्के शुद्ध सिलिका निघाली. पृथ्वीवर अशी माती गरम पाण्याच्या झऱ्यांशी किंवा ज्वालामुखीच्या वाफेशी बनते. म्हणजे कधी काळी तिथे उष्णता आणि पाणी एकत्र होतं. स्पिरिटच्या आयुष्यातला बहुधा सगळ्यात मोठा शोध त्याच्या लंगड्या चाकाने लावला. ‘शहाणी’ आणि ‘त्रास देणारी’ अशी वाटणी एकदा केली की या शोधाचं वजन गोष्टीत नीट बसत नाही.

०००

आता आपल्या अंगणात येऊ, कारण हे सगळं अमेरिकेतच होतं असं नाही.

ऑगस्ट २०२३मध्ये चांद्रयान-३ उतरलं, तेव्हा इस्रोच्या हँडलवरून आलेलं पहिलं वाक्य यानाच्याच तोंडी होतं: भारता, मी माझ्या मुक्कामी पोचलो आणि तूही. आठवडाभराने प्रज्ञान रोव्हर सुरक्षित वाट शोधण्यासाठी जागच्या जागी गोल फिरलं. लँडरच्या कॅमेऱ्याने त्याचा व्हिडिओ काढला. तो टाकताना इस्रोने लिहिलं की चांदामामाच्या अंगणात मूल बागडतंय आणि आई मायेने बघतेय असं वाटतं, नाही का? मला हे ट्वीट आवडलं, आणि त्याची गंमतही वाटली. लँडरचं नाव विक्रम. विक्रम साराभाईंवरून ठेवलेलं. दहाएक दिवसांतच विक्रमची आई झाली, आणि देशात कुणालाच त्यात काही खटकलं नाही. चंद्राला मामा म्हणणाऱ्या देशात नातेवाईक जोडायला वेळ लागत नाही. ‘वाटतं, नाही का?’ हे शब्दही बघा. हा इस्रोचा ‘बेसिकली’ आहे. उपमा आहे हे सांगून केलेली उपमा.

पण त्याच आठवड्यात प्रज्ञानने दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीत गंधक असल्याचं जागेवर मोजून दाखवलं. आणि विक्रमवरच्या ‘चॅस्टे’ नावाच्या उपकरणाने जमिनीत दहा सेंटिमीटरच्या आत खुपसलेल्या सळईने दाखवलं की वर पन्नास अंशांच्या पुढे तापमान असताना आठ सेंटिमीटर खाली ते शून्याखाली दहाच्या आसपास जातं. चार बोटं खाली साठ अंशांचा फरक! चंद्राची माती किती कमालीची उष्णतारोधक आहे हे कळायला याहून सोपा आकडा नाही. तुमच्या ग्रुपवर यातलं काय फॉरवर्ड झालं होतं, आठवून बघा.

माझ्या मते या प्रकारातलं आपल्याकडचं सगळ्यात सरस लेखन त्याआधीचं आहे आणि ते इस्रोचं नाही. सप्टेंबर २०१९मध्ये चांद्रयान-२चा लँडर विक्रम उतरता उतरता संपर्काबाहेर गेला. त्याच महिन्यात वाहतुकीच्या दंडाचे नवे, तगडे दर लागू झाले होते. नागपूर पोलिसांनी ट्वीट केलं: प्रिय विक्रम, कृपया उत्तर दे, सिग्नल तोडल्याबद्दल आम्ही तुझं चलान कापणार नाही. याच्या अगदी उलट टोकाला आहे रोव्हरचे ‘शेवटचे शब्द’. नागपूरच्या विनोदात विक्रम माणूस आहे, पण तो माणूस नाही हे लिहिणाऱ्याला, वाचणाऱ्याला आणि बहुधा चलान झालेल्यालाही माहीत आहे. दुःख आहे, आणि ते दुःख स्वतःच्या शहरातल्या चौकात आणून उभं केलंय. त्यात कुणी यानाच्या तोंडात शब्द घातलेले नाहीत. प्रश्न आपला आहे, उत्तर येत नाहीये.

त्या विक्रमचे अवशेष कसे सापडले तेही सांगायला हवं. चेन्नईतल्या षण्मुग सुब्रमणियन या इंजिनियरने नासाच्या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाचे सर्वांना खुले असलेले फोटो घेतले, आधीचे आणि नंतरचे शेजारी ठेवले, आणि ठिपका ठिपका ताडून बघत बसला. डिसेंबर २०१९मध्ये नासाने त्याच्या नावानिशी शोध मान्य केला. व्हर्टेसींच्या पुस्तकात जे बघणं आहे तेच हे. असल्या बघण्यावर रील बनत नाही. माणूस, लॅपटॉप, राखाडी ठिपके.

०००

हे सगळं मी एवढं ताणून का धरतेय? चित्रपट गोड आहे, मुलं बघतील, विज्ञानाकडे वळतील, असं माझी एक मैत्रीण म्हणाली. वळोत. पण या गोड गोष्टीत एक हिशेब मागे पडतो.

मार्च २००८मध्ये नासाच्या मुख्यालयाकडून या मोहिमेला पत्र आलं की बजेटमधून चाळीस लाख डॉलर कमी करा. त्याचा अर्थ असा निघत होता की स्पिरिटला काही काळ नुसतं बंद करून ठेवावं लागेल. स्पिरिट थकलं नव्हतं. ते चालवणाऱ्यांचे पगार थकणार होते. बातमी फुटल्यावर आरडाओरड झाली, दोन दिवसांत पत्र मागे घेतलं गेलं, आणि त्याच आठवड्यात नासाच्या विज्ञान विभागाचे प्रमुख अ‍ॅलन स्टर्न यांनी राजीनामा दिला.

दहा वर्षांनी, ऑपॉर्च्युनिटी गप्प झाल्यावर, ३० ऑगस्ट २०१८ला योजना जाहीर झाली. आकाश पुरेसं निवळल्यावर ४५ दिवस यानाला सक्रियपणे हाका मारायच्या, त्यानंतर नुसतं ऐकत राहायचं. मोहिमेतल्या काही माजी लोकांना हे फार कमी वाटलं, त्यांनी उघडपणे तसं सांगितलं, लोकांनी हॅशटॅग चालवले. शेवटी प्रयत्न फेब्रुवारीपर्यंत लांबले, हजाराहून जास्त आज्ञा पाठवल्या गेल्या, आणि १२ फेब्रुवारीच्या रात्री बिली हॉलिडेच्या गाण्यासह शेवटची हाक गेली. ते गाणं चित्रपटात आहे आणि तो प्रसंग खरंच अंगावर येतो. पण किती दिवस हाका मारायच्या, कुणाच्या पगारावर आणि कुठल्या अँटेनाच्या वेळेवर, हे माणसं ठरवत होती. रोव्हर ‘म्हातारपणाने गेलं’ म्हटलं की ठरवणारा कुणी उरत नाही. म्हातारपणाला कुणी जाब विचारत नाही.

फेब्रुवारी २०२४मध्ये ही दोन्ही यानं बनवणाऱ्या जेपीएल या नासाच्या प्रयोगशाळेने सुमारे ५३० लोकांना कामावरून कमी केलं, एकूण माणसांच्या आठेक टक्के. मंगळावरची माती पृथ्वीवर आणायच्या मोहिमेचा पैसा अडकला होता. त्या दिवशी मी मुद्दाम माझं फीड बघत होते. रोव्हरला निरोप देताना रडलेल्या त्याच अकाउंट्सवर एक ओळ नव्हती. त्यांना मी दोष देत नाही. त्यांना कुणी तशी गोष्ट सांगितलीच नव्हती. त्यांना सांगितलं होतं की मंगळावर एक एकटा जीव आहे. एकटं ते कधीच नव्हतं. त्याच्या एकेका हालचालीमागे भर दुपारी खिडक्यांना काळे पडदे लावून मंगळाच्या घड्याळाने जगणारी माणसं होती. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा चाळीसेक मिनिटांनी मोठा, त्यामुळे त्यांची कामाची वेळ रोज तेवढी पुढे सरकायची. आज सकाळी नऊला हजेरी, तर अठरा दिवसांनी रात्री नऊला.

चित्रपट बघायचा असेल तर जरूर बघा. मुलाखतींचे भाग दोनदा बघा, संगणकावरच्या मंगळात घाईने पुढे जा. आणि नंतर त्या यानाचा शेवटचा फोटो शोधा. सिनेमातला नव्हे, खरा. पूर्ण काळा आहे, त्यावर पांढरे ठिपके. तारे वाटतात, पण तो कॅमेऱ्याचा नॉइज आहे. खालचा भाग नुसता काळा, कारण फोटो पूर्ण पोचायच्या आत प्रक्षेपण संपलं. तो सूर्याचा फोटो आहे. यानाला दुपारी सूर्याकडे बघायला सांगितलं होतं, किती धूळ आहे ते मोजायला.